लॅपटॉप भंगारात काढण्याआधी : लिनक्स, ड्युअल बूट आणि आंबेडकरी तरुण



१४ ऑक्टोबर ही तारीख आंबेडकरी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. २०२५ साली याच तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगातून शकुन शोधणे आपल्या विचारात बसत नाही. पण त्या दिवसाने आपल्या घरांत आणि अभ्यासिकांत जो प्रश्न आणून ठेवला आहे तो खरा आहे. नेरळ, कर्जत, कडाव, कशेळे, चौक, खालापूर, खोपोली या पट्ट्यात आपल्या मुलामुलींच्या हातात जे लॅपटॉप आहेत त्यांतले बरेचसे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आपल्याकडचा लॅपटॉप कुठल्या तरी मुंबईच्या ऑफिसने काढून टाकलेला, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला, चौथ्या-पाचव्या पिढीचा, चार जीबी रॅमचा असतो. स्क्रीन चालते, कीबोर्ड चालतो, प्रोसेसर शाबूत आहे. तरीही तो कालबाह्य ठरला, आणि तो ठरवणारा माणूस आपल्याला कधी भेटणार नाही.

अशा वेळी बहुतेकजण तीन वाटांपैकी एक धरतात. घरच्यांना कर्जात घालून नवा लॅपटॉप घेतात, जुन्यावर दुकानातून क्रॅक मारलेले विंडोज टाकून घेतात, किंवा काहीच न करता सुरक्षा अपडेट बंद झालेल्या मशीनवरच बँकेचा ओटीपी टाकत राहतात. अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, पण ती एका वर्षाची मलमपट्टी आहे. आमचे म्हणणे असे की चौथी वाट आहे, ती कायदेशीर आहे, तिला पैसे लागत नाहीत आणि ती आपल्या तरुणांनी स्वतःच्या हाताने चालून पाहिली पाहिजे. त्याच लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे. यालाच ड्युअल बूट म्हणतात : मशीन चालू करताना यादी येते, हवे ते निवडायचे.

“यात आंबेडकरी काय आहे?”

हा प्रश्न आम्हाला कार्यकर्त्यांच्या बैठकीत हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स कर्नल लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. हा परवाना चार गोष्टींचा हक्क देतो : कार्यक्रम कोणत्याही कामासाठी वापरा, त्याचा आतला मजकूर उघडून अभ्यासा, त्यात बदल करा, आणि प्रत दुसऱ्याला द्या. मित्राला विंडोजची प्रत दिली तर गुन्हा होतो. लिनक्सची प्रत दिली तर तो हक्काचा वापर असतो. पिढ्यान्पिढ्या ज्यांना पोथी उघडायची बंदी होती त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण इथेच थांबलो तर आपण भाबडे ठरू. मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक प्रचारक याच जागी थांबतात. परवान्यावर हक्क लिहिला म्हणजे तो सगळ्यांना मिळाला, असे त्यांना वाटते. आपल्याच रायगड जिल्ह्याचा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा, इतिहास याच्या उलट सांगतो. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावर. पाण्याला प्रत्यक्ष हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा. त्यानंतरही खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये संघटन, शिक्षण आणि लढा लागला.

लॅपटॉपवर लिनक्स बसवणे म्हणजे सत्याग्रह नव्हे. तशी तुलना करणे महाडच्या लोकांचा अपमान होईल. पण धडा घेण्यासारखा आहे. लिनक्सचा परवाना तीस वर्षांपेक्षा जास्त काळ सगळ्या जगाला खुला आहे. तरी कशेळ्याच्या पुढच्या वाडीतल्या कातकरी मुलीला तो खुला नाही. तिच्याकडे मशीन नाही, असले तर तीन जीबीची फाईल उतरवण्याइतका डेटा नाही, डेटा असला तर सगळी माहिती इंग्रजीत आहे, आणि अडले तर विचारायला ओळखीचे कोणी नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदांमध्ये आपली मुले फारशी दिसत नाहीत याचे कारण परवान्यात सापडणार नाही, ते समाजात सापडेल. म्हणून हे काम तंत्रज्ञानप्रेमींवर सोपवून चालणार नाही. ते चळवळीचे काम आहे.

“परीक्षा विंडोजवर, मग लिनक्स कशाला?”

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि आम्ही तो पहिल्यापेक्षा गंभीर मानतो. “दादा, टायपिंगची परीक्षा विंडोजवर, टॅली विंडोजवर, ऑफिसात गेलो तर तिथेही विंडोज. मग आमचा वेळ कशाला घालवता?”

खरे आहे. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांना पहिल्यांदा माऊस हातात दिला, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आजही लागते. पण त्या शिकवणीतून एक समजही पक्का झाला : संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणे म्हणजे वर्ड. केरळने त्याच काळात वेगळा रस्ता धरला. २००१ साली तिथे सुरू झालेला आयटी अॅट स्कूल प्रकल्प पुढे ‘काईट’ झाला, आणि तिथल्या सरकारी शाळांतली मुले आज लिनक्सवर संगणक शिकतात. ती मुले नोकरीला मुकली असे काही ऐकिवात नाही. जो दोन प्रणाली वापरतो त्याला तिसरी शिकायला भीती वाटत नाही. शिवाय जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे.

तरीही आम्ही कोणालाही विंडोज पुसून टाका असे सांगत नाही. टायपिंगची परीक्षा समोर असताना तत्त्वासाठी विंडोज पुसणारा तरुण चळवळीच्या उपयोगाचा नाही आणि घराच्याही. सराव विंडोजवर करा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, अभ्यास, लेखन, पीडीएफ, मेल, ऑनलाइन वर्ग हे सगळे लिनक्सच्या ब्राउझरमध्ये होते, ते तिकडे करा. एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवण्यात कमीपणा नाही.

कोणते लिनक्स घ्यायचे

इथे नवखा माणूस गोंधळतो, कारण शेकडो नावे समोर येतात. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. एक, डिस्ट्रिब्युशन : कर्नल, सॉफ्टवेअर आणि अपडेट यांची एकत्र बांधलेली मोट. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा ही त्यातली मोठी नावे; आपल्या सीडॅकचे डेबियनवर आधारलेले बॉसही आहे. दोन, डेस्कटॉप : डोळ्यांना दिसणारा भाग, म्हणजे मेनू, पट्टी, खिडक्या. सिनॅमन, एक्सएफसीई, माटे, ग्नोम, केडीई, एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप. एकाच डिस्ट्रिब्युशनवर वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात.

निवड आवडीनिवडीने करू नका, मशीन आणि माणूस पाहून करा. रॅम चार जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. आठ जीबी असेल तर मिंटचेच सिनॅमन घ्या. त्याचा मेनू डाव्या कोपऱ्यात आणि पट्टी खाली असल्याने विंडोजवरून आलेला माणूस दहा मिनिटांत रुळतो. दोनच जीबी असेल तर एलएक्सक्यूटीचे लुबुंटू चालवून पाहा, पण अपेक्षा माफक ठेवा. डेस्कटॉप कितीही हलका घेतला तरी ब्राउझरच्या पंधरा टॅब रॅम खातातच. ग्नोम आणि केडीई देखणे आहेत, दमदार मशीनवर जरूर वापरा.

मिंटचा आग्रह आम्ही दोन कारणांनी धरतो. मिंट २२ ही मालिका उबुंटूच्या २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दुसरे कारण संघटनेचे आहे. एका अभ्यासिकेत दहा मशीनवर दहा प्रकारचे लिनक्स असेल तर कोणीच कोणाला मदत करू शकत नाही. सगळ्यांकडे एकच असेल तर एकाला सुटलेली अडचण सगळ्यांना सुटते. कोणते डिस्ट्रो श्रेष्ठ यावर तासन्तास वाद घालणारे पुष्कळ आहेत. आपल्याला त्या वादात उतरायचे नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल आणि थोडे पैसे हाताशी असतील तर ते एसएसडीवर घाला. लॅपटॉपच्या वेगात त्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

ड्युअल बूट : क्रम चुकवू नका

पहिली गोष्ट बॅकअप. आपल्या लॅपटॉपमध्ये सिनेमे असोत नसोत, जातीच्या दाखल्याचे, जात वैधता प्रमाणपत्राचे, गुणपत्रिकांचे स्कॅन असतातच, आणि अनेकदा तेवढीच प्रत असते. ते सगळे एका पेनड्राइव्हवर आणि शिवाय दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर ठेवा. मगच पुढे जा.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसताना बूटची व्यवस्था बदलली तर विंडोज दार उघडणार नाही.

मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. हे चालू असताना विंडोज शटडाउन केले तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्सला त्या भागातल्या फाईल नीट लिहिता येत नाहीत.

त्यानंतर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसवा आणि निदान चाळीस-पन्नास जीबी जागा मोकळी सोडा. तिला नाव देऊ नका, फॉरमॅट करू नका. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर आधीच चार प्रायमरी भाग असतील तर इथेच थांबा आणि जाणत्याला विचारा, कारण पाचवा तिथे बसत नाही.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाईल उतरवा. ती जवळजवळ तीन जीबीची आहे. कर्जत किंवा खोपोलीत ज्याच्याकडे वायफाय आहे त्याने एकदा उतरवावी, वाडीतल्या दहाजणांनी पेनड्राइव्हवर न्यावी. संकेतस्थळावर फाईलचा चेकसम दिलेला असतो, तो जुळतो का पाहा. मग रूफस या कार्यक्रमाने आठ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून दाखल्यांचा पेनड्राइव्ह यासाठी वापरू नका.

मशीन चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीनुसार जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा. लिनक्स काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालू होते. इथे घाई करू नका. वायफाय, आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड, कॅमेरा तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबीने जोडून इंटरनेट द्या आणि बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर चालवा. सगळे ठीक वाटले तरच इन्स्टॉलचे चिन्ह उघडा.

आता सर्वात जोखमीची पायरी. इन्स्टॉलर विचारतो, विंडोजच्या शेजारी बसवू की डिस्क पुसून टाकू? ‘शेजारी’ निवडा. डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला तर विंडोजही जाते आणि फाईलीही. हा पडदा दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा असा आमचा नियम आहे. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर हे काम फक्त यूपीएस जोडून करा. भाग पाडण्याचे काम चालू असताना वीज गेली तर डिस्क बिघडू शकते.

काम झाल्यावर मशीन चालू केले की ग्रब नावाची यादी दिसते. विंडोजचे मोठे अपडेट कधीकधी ही यादी मागे ढकलते. घाबरू नका, बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात लिनक्स पुन्हा वर आणा. आणखी एक गंमत हमखास होते : विंडोजमधले घड्याळ साडेपाच तास मागे पडते. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याचा एका ओळीचा आदेश दिला की प्रश्न मिटतो.

मराठी आणि आपले बंदिस्त साहित्य

मिंटमध्ये आयबसमधून मराठीचा इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड जोडता येतो. लिबरऑफिस येतेच. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा सुंदर देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर आहे, आपल्या पत्रकांसाठी तो वापरा.

पण या निमित्ताने एका दुखण्यावर बोट ठेवले पाहिजे. आपल्या संघटनांची कित्येक वर्षांची पत्रके, स्मरणिका, पुस्तिका पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या आहेत. ज्या डीटीपीवाल्याकडे तो फॉन्ट त्याच्याकडेच तो मजकूर वाचता येतो. डीटीपीवाला गेला, मशीन बिघडले, की दहा वर्षांचे विचार अक्षरशः चिन्हांचा चिखल होतात. शोधता येत नाहीत, दुरुस्त करता येत नाहीत. ज्या चळवळीने ‘मूकनायक’ काढून १९२० साली बोलायला सुरुवात केली, तिने आपला मजकूर अशा कुलपात ठेवू नये. यापुढे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा, आणि खुल्या स्वरूपात जतन करा. जुन्या फाईलींसाठी विंडोजचा भाग आहेच; तिथे बसून एकेक पुस्तिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम अभ्यासिकेतल्या मुलांनी वाटून घ्यावे.

सुरक्षेबद्दल भ्रम नको

लिनक्स घेतले की आपण सुरक्षित, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर या घुसखोर कार्यक्रमाद्वारे बावीस महिने शिरकाव होता आणि त्यातून फाईली पेरल्या गेल्या. त्याच वर्षी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तिने तसाच अहवाल दिला. घुसखोरीची सुरुवात मेलमधून आलेली फाईल उघडण्याने झाली होती. आणि नेटवायर लिनक्सवरही चालत असे. म्हणजे सवयी बदलल्या नाहीत तर प्रणाली बदलून भागत नाही. अपडेट वेळेवर घ्या, अनोळखी फाईल उघडू नका, पासवर्ड वेगवेगळे ठेवा. मात्र अँटीव्हायरस बंद करायला सांगणारे क्रॅक वापरून आपण स्वतःच दार उघडे ठेवतो, ते लिनक्सवर करावेच लागत नाही. एवढा फायदा निश्चित आहे आणि तो लहान नाही.

आता काय करायचे

१९१५ पासून खोपोलीच्या वीजकेंद्रात घाटावरचे पाणी कोसळते आहे आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्याच डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांमध्ये दिवा किती उशिरा पोहोचला ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपल्या पट्ट्यातून साधने वाहतात आणि ती वापरणारे दुसरीकडे असतात, हे आपल्याला नवे नाही. नव्या साधनांच्या बाबतीत तरी आपण नुसते ग्राहक राहू नये.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारातल्या अभ्यासिकेने महिन्यातला एक रविवार ठरवावा. ज्याला लिनक्स बसवता येते त्याने दुसऱ्यासाठी बसवून देऊ नये. मालकाच्याच हाताने बसवून घ्यावे, आपण शेजारी बसावे. मुलींना आधी बसवावे, कारण घरात एकच लॅपटॉप असेल तर तो भावाकडे असतो. त्यांच्यातल्या दोघींनी पुढच्या महिन्यात तिसरीला शिकवावे. शेजारच्या आदिवासी वाडीतली मुले बोलवावीत, ती आली नाहीत तर आपण पेनड्राइव्ह घेऊन जावे. बंद पडलेले लॅपटॉप भंगारवाल्याला देण्याआधी या रविवारी एकदा टेबलावर यावेत. आणि जे अडले, जे सुटले, ते सगळे साध्या मराठीत एका वहीत लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या गावातल्या अभ्यासिकेला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतीवर लिहितो. त्यातले पहिले दोन शब्द या रविवारी, चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपसमोर, आठजणांनी मिळून अमलात आणता येतील. सुरुवात बॅकअपपासून करा.

जय भीम!